अर्धी कविता ग्वाल्हेरला

रंगपंचमीचा रंग रस्त्यावरून पुरता गेलेला नसतो, तोच कडुनिंबाची पिवळी पानं गळायला लागतात. दुपारचा वारा सुटला की ती अंगणभर खरखरत फिरतात, झाडून झाडून माणूस दमतं, आणि मला आपलं वाटत राहतं की आता सरकार येणार. मी तसं बोलूनही दाखवते. सून म्हणते, "आई, सरकार तर केव्हाचं भोपाळला गेलं." गेलं असेल. माझ्या अंगात जे पंचांग आहे त्यात सरकार दर वर्षी चैत्राच्या तोंडाशी ग्वाल्हेरहून इंदूरला येतं. फायलींचे गठ्ठे, वळकट्या, बायकापोरं आणि लोणच्याच्या बरण्या यांच्यासकट येतं.

हे ऐकून आजची मुलं माझ्याकडे संशयानं बघतात, म्हणून सांगून टाकते. मध्यभारत नावाचं एक राज्य होतं. शिंद्यांचं ग्वाल्हेर आणि होळकरांचं इंदूर एका छपराखाली आणलं, आणि मग राजधानी कुणाची यावर दोन्ही गावं फुगून बसली. शेवटी तोड निघाली ती अशी, की थंडीत राजधानी ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर. वरच्या साहेबांना त्यात काय मजा वाटली असेल ती असो. कारकुनांच्या बायका मात्र वर्षातून दोनदा संसार बांधायच्या आणि दोनदा सोडायच्या. कुठलं भांडं कुठल्या गावी राहिलं यावरून त्या घरांत जी भांडणं होत, ती आमच्या गल्लीपर्यंत ऐकू येत.

आमचं तसं नव्हतं. माझे वडील रेल्वेच्या मालगोदामात होते. स्नेहलतागंजात आमचं बिऱ्हाड, इंजिनाची शिट्टी घरात ऐकू यायची, आणि गाड्या जायच्या त्या इतरांच्या. आम्ही बारमाही इंदूरकर. त्यामुळे जाणाऱ्यांना पोचवायचं आणि येणाऱ्यांना आणायला जायचं, हे काम आमच्याकडे आपोआप आलं होतं.

दिवाळी झाली की आमची मराठी शाळा विरळ व्हायची. तिसरीच्या वर्गात सतरंजीवर चिकटून बसलेली मुलं एकदम ऐसपैस बसायला लागायची. आज हिचा निरोप, उद्या त्याचा. बर्वेबाई हजेरी घेताना गेलेल्यांचीही नावं घ्यायच्या आणि आम्ही सगळे एका सुरात ओरडायचो, "ग्वाल्हेर!" बाई उंच होत्या, आवाज खणखणीत, आणि डाव्या गालात सदा आवळासुपारी. अर्धा वर्ग दर वर्षी उचलून नेला जातो याचा त्यांना मनापासून राग होता. सरकारला तर काही सांगता येत नव्हतं. मग त्यांनी आपल्या परीनं एक तोड काढली.

त्या स्वतः कविता लिहायच्या. छापायला द्यायच्या नाहीत, आमच्यासाठीच लिहायच्या. कचेरीतून आलेले पाठकोरे कागद त्यांच्याकडे गठ्ठ्यानं असत. एका बाजूला कुठला तरी जुना दरबारी हिशेब आणि कोऱ्या बाजूला आमची कविता. ती लिहून झाली की बाई कागदाच्या पट्ट्या फाडायच्या, एका कडव्याची एक पट्टी. पहिलं, तिसरं, पाचवं कडवं इथं राहणाऱ्या मुलाला आणि दुसरं, चौथं, सहावं ग्वाल्हेरला जाणाऱ्याला. स्वतःकडे नक्कल ठेवायच्या नाहीत. "तुझ्याकडे अर्धी ठेवायला दिलीय," असं त्या प्रत्येकाला बजावायच्या, "सांभाळ. जोडीदाराला सांगायची नाही, लिहून पाठवायची नाही. तो परत येईल, तुम्ही दोघं समोरासमोर उभे राहाल, तेव्हाच ती पुरी व्हायची."

आणि चैत्रात सगळे परतले की शाळेत कवितेचा दिवस. त्या दिवसाची आम्ही आख्खी थंडी वाट बघायचो. आमच्याकडच्या कडव्यांत मांजर हरवलेलं असायचं आणि ते सापडलं की नाही हे ग्वाल्हेरला ठाऊक असायचं! दुसरीत असताना ते मांजर सरकारी फायलींच्या गठ्ठ्यात झोपून थेट राजधानीला पोचलं, असं निघालं. माझ्यासमोर उभी राहून विमलनं ते कडवं म्हटलं तेव्हा पहिलीपासून चौथीपर्यंतची मुलं एकदम खिदळली. बाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या. पुढे आयुष्यात मी पुष्कळ कविसंमेलनं ऐकली, पण तसा हशा मला पुन्हा भेटला नाही.

विमल माझी जोडीदार. तिचे वडील सचिवालयात कारकून, इथलं बिऱ्हाड जुनी इंदूर मोहल्ल्यात, दोन खोल्यांचं. ती म्हणजे कारभारच होता एक. एका वेणीला तांबडी रिबीन, दुसरीला काहीच नाही. पाटी एका गावी, पेन्सिल दुसऱ्या गावी. मी शिस्तीची. अजूनही आहे, घरातले त्रासलेत. पण तिच्याशिवाय मला करमायचं नाही, आणि माझ्याशिवाय तिचं गणित सुटायचं नाही, असं आमचं छान चाललं होतं.

तिसरीच्या त्या वर्षी बाईंनी आम्हाला दिलेली कविता सवाल-जवाबाची होती. सवाल सगळे माझ्याकडे आणि जवाब विमलकडे. माझ्या तीन पट्ट्या अशा होत्या:

सांग पाखरा, धुकं पहाटेचं
गेलं कुठल्या गावा?
कुणाच्या दारी उतरलं ते,
कुणी दिला विसावा?

सांग पाखरा, पतंग तुटला
गेला कुठल्या देशी?
कुणी सोडवला दोरा त्याचा
काटेबाभळीपाशी?

सांग पाखरा, जे जे गेलं
येईल का रे मागे?
वाट बघत मी उंबऱ्यावरती
रोज पहाटे जागे.

विमलला पोचवायला मी वडिलांचा हात धरून स्टेशनावर गेले ती सकाळ लख्ख आठवते. उज्जैनला गाडी बदलायची म्हणून तिच्या आईची आतापासूनच धांदल. सुरई, ट्रंका, पितळी डबे, आणि त्या सगळ्याच्या मध्ये खिडकीत विमल. गाडी सुटायला थोडा वेळ होता. तिनं गजांतून तोंड बाहेर काढलं.

"कुमे, इकडे ये ना जल्दी. सांगून टाकते तुला. शेवटचं तर एकदम बढिया आहे."

"नको. बाईंनी सांगितलंय."

"बाई कुठायत इथं? कोण बघतंय? फक्त शेवटचं. ऐक तर!"

मी दोन्ही कानांत बोटं घातली. नुसती घातली नाहीत, गच्च दाबली. विमल खिडकीतून म्हणत होती, तिचे ओठ हलत होते, चार ओळी असतील, शेवटी तिनं हात उघडून तळवा माझ्यापुढे धरला आणि हसली. मला कानातल्या घूं आवाजाशिवाय काही ऐकू आलं नाही. गाडी हलली, लांब गेली, तेव्हा कुठे मी बोटं काढली. वडील म्हणाले, "अगं, ती बिचारी काहीतरी सांगत होती." "मला माहीत आहे," मी म्हटलं. केवढा अभिमान होता मला त्या क्षणी! नियम पाळणाऱ्या मुलीचा जो एक ताठा असतो, तो मिरवत मी घरी आले.

ती थंडी मी प्रश्नांवर काढली. सकाळी दात घासताना धुकं दिसलं की पहिलं कडवं. संक्रांतीला गच्चीवर भाऊ पतंग काटायचे, कटलेला पतंग भेलकांडत लालबागेच्या दिशेनं जायचा, आणि मी तोंडातल्या तोंडात दुसरं कडवं म्हणायची. विमलच्या पट्टीत याचं काय असेल, याचा रोज नवा अंदाज. हिरव्या हरभऱ्याचे होळे भाजायचे दिवस आले, हातातोंडाला काजळी लागायची, तेव्हाही माझं हेच. आई म्हणायची, "पोरीला झालंय तरी काय, सारखी पुटपुटते!"

मग होळी झाली, रंगपंचमी झाली, निंबाची पानं गळायला लागली. सरकार आलं. वर्गात एकेक जण परत येऊन बसायला लागला. कुणी उन्हानं रापलेलं, कुणाच्या बोलण्यात तिकडची हिंदी आलेली. सतरंजी भरत गेली. माझ्या शेजारची जागा तेवढी रिकामी राहिली. मी रोज दप्तर ठेवून ती धरून ठेवायची. शेवटी वडिलांनीच चौकशी करून सांगितलं की विमलच्या वडिलांना तिकडेच ठेवून घेतलंय, नवं राज्य व्हायचं घाटतंय, तिथून ते भोपाळला जाणार, इकडचं बिऱ्हाड मोडलं. मी जेवले नाही. रडलेही नाही, कारण रडायचं तर आधी हे खरं मानायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी बाईंच्या टेबलाशी गेले. म्हटलं, "बाई, विमल येणार नाही. तिची कडवी तुम्ही मला सांगा."

बाईंनी सुपारी दुसऱ्या गालात सरकवली. मग म्हणाल्या, "सांगितली असती गं. पण मग विमलनं परत यायचं कशासाठी?"

मला त्यांचा भयंकर राग आला. आज त्या वयाच्याही पलीकडे गेल्यावर कळतं की बाईही तेव्हा हट्टालाच पेटल्या होत्या, माझ्यासारख्याच. सरकारनं आपला अर्धा वर्ग नेला, ही गोष्ट त्यांना कबूलच करायची नव्हती.

कवितेच्या दिवशी आधी वाचन व्हायचं. त्याचीही बाईंची एक रीत होती. गोष्टींची पुस्तकं थोड्यांच्याच घरी असत, म्हणून त्या सांगत, घरात छापलेलं जे असेल ते आणा आणि मोठ्यानं वाचा. कुणी लग्नपत्रिका आणायचं, कुणी औषधाच्या बाटलीचं लेबल. गिरणीत काम करणाऱ्यांच्या घरची एक मुलगी कापडाच्या गाठीवरचा कागद आणायची आणि तो असा ठणकावून वाचायची की आम्ही टाळ्या वाजवायचो. मी वडिलांकडची मालाची बिल्टी वाचली. "गूळ, ढेपा चाळीस, ओले झाल्यास जबाबदारी नाही." शाळेतल्या सगळ्या मुलांना वाचता येतं, आणि वाचलेलं ऐकायला कुणीतरी आहे, एवढाच त्या दिवसाचा थाट. माझ्या मते तेवढा पुरतो.

मग जोड्या. समोरासमोर उभं राहून एकेक जोडी कविता पुरी करत होती. माझं नाव आलं. मी जागची हलेना. बाई म्हणाल्या, "ऊठ. तुझी कडवी म्हण. विमलचं कडवं येईल तिथं थांब."

मी उभी राहिले आणि पहिला प्रश्न म्हटला. धुकं कुठे गेलं? आणि थांबले. तेवढ्यात पुढच्या रांगेतून पहिलीतली एक चिमुरडी, दुधवाल्याची, उभी राहिली. "मला माहीत आहे! धुकं ना, हलवाईच्या कढईत गेलं. मी सुबे सुबे बघितलं, निघत होतं ना तिथून."

हसावं की रडावं कळेना. बाईंनी मानेनंच खूण केली, पुढे. मी पतंगाचा प्रश्न म्हटला. आता चार-पाच हात वर. "लालबागेत गेला! तिकडचे माळीकाका ठेवून घेतात, देतच नाहीत." "नाही भिया, तो माझ्या मावशीच्या छतावर आहे. सच्ची!" खोली नुसती गजबजून गेली. ज्यांना ओळीनं चार शब्द म्हणता येत नव्हते, ते मला उत्तरं देत होते. मग मी तिसरा प्रश्न म्हटला. जे जे गेलं, येईल का रे मागे?

दुधवाल्याच्या मुलीनं हात अर्धा वर केला आणि खाली घेतला. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. "याचं उत्तर विमलकडे आहे," त्या म्हणाल्या. "बस खाली."

पावसाळ्यात भोपाळहून एक पोस्टकार्ड आलं. तलाव फार मोठा आहे, शाळेत सगळे हिंदी बोलतात, गणितात नापास झाले, आणि शेवटी कडेला बारीक अक्षरात: "कवितेचं लिहीत नाही. बाईंनी सांगितलंय ना. परत आले की म्हणेन." तिनंही नियम पाळला होता. आयुष्यात बहुधा तेवढा एकच, आणि तो नेमका नको तेव्हा. त्याच वर्षी पुढे मध्यभारतच उरला नाही. सरकारचं येणं-जाणं संपलं. बाईंचं लग्न होऊन त्या दूर गेल्या, पाठकोऱ्या कागदांचे ते गठ्ठे कुठे गेले देव जाणे. विमलला मी दोन कार्डं पाठवली, त्यांची उत्तरं आली नाहीत.

पश्चात्ताप होत नाही, असं मी पुष्कळांना सांगत आले. खोटं आहे. मी त्या फलाटावर अनेकदा परत गेले आहे आणि दर वेळी स्वतःचे हात धरून खाली ओढले आहेत.

मी शिक्षिका झाले, त्याच शाळेत. दुसरं काय होणार होते! चाळीस-एक वर्षं पहिली ते चौथीच्या मुलांना वाचायला लावलं. पट्ट्या फाडल्या नाहीत, पण चैत्रातला कवितेचा दिवस सोडला नाही, छापील कागद घरून आणायची रीतही नाही. निवृत्त झाले तरी त्या दिवशी मला बोलावतात, आणि नाही बोलावलं तर मी जाते. आता तिथं मराठीचा एकच तास उरलाय. समोरची निम्मी मुलं घरी हिंदी किंवा माळवी बोलतात. बिघडत काही नाही. मी पहिला प्रश्न म्हणते आणि थांबते, आणि उत्तरं येतात. घरोघरी टीव्ही नवा होता तेव्हा एकानं सांगितलं होतं की धुकं टीव्हीत गेलं, म्हणून कधी कधी नुसतं पांढरं दिसतं. अलीकडची एक म्हणाली, "फ्रिजरमध्ये आहे, आजी. खोलून बघा ना." पतंगाची उत्तरं तर लिहून ठेवली असती तर वही भरली असती. किती पिढ्यांनी मला उत्तरं दिली आहेत! तिसरा प्रश्न मात्र शिक्षिका झाल्यापासून मी कधीच कुणाला विचारला नाही. दोन कडव्यांची कविता आहे, असंच सगळे समजतात.

यंदा माघात फोन आला. शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांचा एक व्हॉट्सॲप गट आहे, तिथून माझा नंबर गेला असणार. "कुमे?" पलीकडून आवाज आला. मला कुमे म्हणणारं माणूस जगात उरलं असेल असं मला वाटलं नव्हतं. भोपाळहून विमल बोलत होती. तिचं मराठी आता अर्धं हिंदी झालेलं, हसणं तसंच. नातवंडांचं झालं, गुडघ्यांचं झालं, मग मी न राहवून विचारलं, "तुझी कडवी आठवतात?"

"पहिली दोन गेली, यार. शेवटचं आहे."

"सांग."

"फोनवर नाही हं. बाईंनी सांगितलंय." आणि मग म्हणाली, "येतेय मी. इस बार कान उघडे ठेव."

मागच्या आठवड्यात ती आली. नातीचा हात धरून, काठी टेकत, केसांत एक तांबडी रिबीन मुद्दाम बांधून. शाळेच्या व्हरांड्यात निंबाची पानं पडली होती. मुलं सतरंजीवर बसली होती, हातांत बिस्किटांचे पुडे, वीजबिलं, एकाच्या हातात क्रिकेटच्या तिकिटाचा तुकडा. मी उभी राहिले. पहिला प्रश्न म्हटला, उत्तरं आली. दुसरा म्हटला, आली. विमल खुर्चीत बसून पोट धरून हसत होती. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्या वर्गात तिसरं कडवं म्हटलं.

विमल उठली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली:

येईल किंवा येणार नाही,
मला कुठे ते ठावं?
तोवर पोरी, आलं दारी
त्याचं गाणं गावं.

शेवटच्या शब्दाला तिनं हात उघडून तळवा माझ्यापुढे धरला. गाडीच्या खिडकीत धरला होता तसाच.

मी तो हात धरला आणि रडले, सगळ्या मुलांदेखत. बाईंना ठाऊक होतं, विमललाही ठाऊक होतं. मला एकटीला सांगायचं राहिलं होतं, आणि न सांगता मी जन्मभर करत आले ते तेच. कुणीतरी आपल्याला शिकवलेलं इतक्या उशिरा ऐकू यावं, आणि ऐकलं तेव्हा ते पाठ असावं, याचं सुख फार मोठं असतं.

पुढच्या रांगेतली एक मुलगी कधीची हात वर करून बसली होती. तिनं घरून आणलेला बिस्किटाचा कागद मांडीवर घडी मोडून सरळ केला होता, आणि तिची पाळी टळली होती.

"आजी, हो गया काय तुमचं? मी वाचू आता?"

मी डोळे पुसले, विमलला शेजारी बसवलं आणि म्हटलं, "वाच. मोठ्यानं वाच."